हडकरकाकांची आवड

आमच्या शेजारचे हडकरकाका स्वतःच्या मोबाइलशी खोटं बोलतात.

रोज सकाळी चहा झाला की ते बाल्कनीत बसतात आणि अर्धा तास मोबाइलला चुकीची माहिती पुरवतात. उंटांचा बाजार बघतात. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स कसा खोलायचा ते बघतात. नवरीच्या हातावरची मेंदी बघतात. यातलं काहीच त्यांना आवडत नाही, आणि तोच तर मुद्दा आहे. "माझी आवड ही माझी खासगी गोष्ट," काका म्हणतात. "ती कंपनीला कळली, की उद्या तीच गुंडाळून मला विकायला आणतील." ज्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर गरोदर बायकांच्या कपड्यांची जाहिरात आली, त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला. "बघ, कसे गोंधळलेत मेले!"

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत काकांच्या संशयातून कोणी सुटलेलं नाही. "ह्यात कोणाचा फायदा?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. वॉचमनने गुड मॉर्निंग केलं तरी विचारतात. एका वर्षी कमिटीने गच्चीवर गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि मतदान घेऊन गाणी निवडली. काका म्हणाले, "हा समाजवाद. प्रत्येकाला थोडं थोडं नावडेल असं गाणं." पुढच्या वर्षी एका कोचिंग क्लासवाल्याने खर्च उचलला. दर गाण्यानंतर क्लासचं नाव. काका म्हणाले, "ही भांडवलशाही. गाणं फुकट, कान विकलेले."

"मग काका, तुम्हाला हवंय तरी काय?" मी विचारलं.

"दर्जा!" असं म्हणून ते खुर्ची उचलून तरातरा घरी गेले. खुर्ची सोसायटीची होती.

असे हे काका एका रविवारी माझ्या दारात उभे. "तुझा मोबाइल दे तासभर. हेडफोन पण."

"तुमचा बिघडला?"

"माझ्यावर खरं ऐकता येत नाही. तुझं बरं आहे. तुझी आवड चोरून कोणी श्रीमंत होणार नाही."

हा अपमान आहे हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तोवर मोबाइल देऊन झाला होता. मग दर रविवारी तेच. काका माझ्या बाल्कनीत पाठ करून बसत, आणि मी चहा घेऊन गेलो की स्क्रीन छातीशी धरत. आता मलाच संशय येऊ लागला. सत्तरीच्या माणसाबद्दल मला जो संशय आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

भांडाफोड माझ्या बायकोने केली, पण तिने पकडलं मला. "एकच गाणं नऊ वेळा ऐकलंयस?" मोबाइल माझ्या नाकासमोर धरून तिने विचारलं. "बरं आहे ना तुला?"

मी ते लावलं. सोनवणे नावाचे एक गृहस्थ गोवंडीतल्या आपल्या खोलीत पेटी घेऊन बसले होते. स्वतः रचलेली कामगारांची समूहगीतं गात होते, फक्त समूह नव्हता. कोरसही तेच म्हणत होते. पेटी एका सुरात, ते दुसऱ्या, कोरस तिसऱ्या. मी माझ्या अफाट बुद्धीने निष्कर्ष काढला: दर्जावाले काका हे ऐकणं शक्य नाही. आता ते माझ्याही मोबाइलला खोटी माहिती पुरवताहेत! मोबाइल स्वच्छ करावा म्हणून मी त्या गाण्याखालचा 'नावडलं'चा अंगठा दाबला आणि जेवायला बसलो.

पुढच्या रविवारी काका पाच मिनिटांत बाल्कनीतून बाहेर आले. चेहरा उतरलेला. "हे बघ," म्हणाले.

नवीन व्हिडिओत सोनवणे होते, पेटी नव्हती. ते म्हणाले, "मित्रहो, एका श्रोत्याने प्रथमच नापसंती कळवली आहे. मी जन्मभर जनतेचा निर्णय मानत आलो. आजपासून गाणं बंद."

"कोणीतरी अंगठा दाबला," काका म्हणाले. "ऐकणारे नऊचे दहा झाले तेव्हाच मला वास आला. हा दहावा कोण? कंपनीचाच माणूस असणार. नाहीतर सरकारचा." त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला, एक मला सोडून. ते मला सहन होईना.

"काका, तो दहावा मी."

मला वाटलं, आता भडकतील. ते नुसते सोफ्यावर बसले. "एकाच खात्यात होतो हा सोनवणे आणि मी, गिरणीत," म्हणाले. "गिरणी बंद झाली. मी दारोदार कुकर विकायला लागलो, तो युनियनला चिकटून राहिला. मला म्हणाला, भांडवलदारांचा हमाल. मीही म्हटलं, तुझ्या गाण्याला बाजारात एक गिऱ्हाईक मिळणार नाही. तेव्हापासून बोलणं नाही."

"आणि नऊच वेळा का ऐकायचात?"

"एकदाच ऐकलं तर त्याला कीव केल्यासारखं वाटेल रे. शंभरदा ऐकलं तर त्याला संशय येईल."

मी त्यांना रिक्षात घातलं. गोवंडी येईपर्यंत ते मीटरकडे रोखून बघत होते.

दार सोनवण्यांनीच उघडलं. काकांना बघून ते बाजूला झाले, या म्हणाले नाहीत. आम्ही चटईवर बसलो. मी घाईघाईने गुन्हा कबूल केला. "अंगठा मी दाबला. चुकून."

"चुकून कसा? जनतेने विचार करूनच दाबला असणार."

"जनतेला जेवायची घाई होती हो."

सोनवणे हसले नाहीत. "नऊ जण ऐकायचे," ते काकांना म्हणाले. "गिरणीतलेच कोणी असतील असं वाटायचं. दर आठवड्याला नऊ. एकही गळला नाही."

काका भिंतीकडे बघत होते. "पेटी काढ," म्हणाले.

"कशाला? तुझ्या बाजारात..."

"काढ रे मेल्या!"

सोनवणे गायले. हेडफोन नसल्यामुळे ते जास्तच बेसूर वाटलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आवडलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे. "तू जरा बाहेर थांब."

मी बाहेर चपलांपाशी उभा राहिलो. काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि आयुष्यात प्रथमच मी दाराला कान लावला नाही. आत बोलावलं तेव्हा सोनवणे चष्मा पुसत होते.

"रविवारी दहाला ये," ते काकांना सांगत होते. "पण जेवूनच जायचं. एकट्यासाठी शिजवायचा कंटाळा येतो."

"मलाही येतो," काका म्हणाले.

अकरा वर्षं आमची आणि त्यांची भिंत एक आहे. मला हे माहीत नव्हतं.