धन्याची ताजी खूण

आमच्या उंबरदऱ्यात माणूस मधपेटी उघडून माश्या तपासतो, त्याच वेळी माश्या त्याच्या घरी जाऊन घर तपासतात. चाळीस कामकरी माश्या जातात. सगळं ठीक असेल तर दाराच्या चौकटीवर मेणाचा एक ठिपका लावतात, नसेल तर तीन.

मी यात नवखा. मला जंगमकाकांनी शिकवलं. गावातल्या पेट्या आणि घरं दोन्ही त्यांच्याच देखरेखीखाली आहेत.

पहिल्या दिवशी मला राणीमाशी दिसेना.

"न्हाई दिसली तर न्हाई दिसली," काका म्हणाले. "पोळ्यातल्या कप्प्यांच्या तळाला बघा. कणीएवढं अंडं हाय का?"

"आहे."

"मंजी तीन दिसांत राणी हितं व्हती. बास. झाकण लावा, आन् आठ दिस हात लावू नका."

"आणि त्या घरी काय बघतात?"

"त्येच. तुमी तर हितं असता. म्हून तुमची तीन दिसांतली खूण बघत्यात."

घरी एक ठिपका होता. "उशीवरचा तुमचा केस बघितला आन् गेल्या," बायको यशोदा म्हणाली.

मला मात्र चैन पडेना. आठ दिवसांत राणी मेली तर? मुंग्या चढल्या तर? दुसऱ्या दिवशी मी पेटी पुन्हा उघडली. मग रोज. जेवणाचा डबा तिकडेच मागवू लागलो, घोंगडीही तिकडेच नेली. काकांना सांगायची छाती झाली नाही.

पाचव्या दिवशी डबा घेऊन आलेली माझी मुलगी पमी म्हणाली, "तीन ठिपके लावलेत."

मी धावत घरी गेलो. "मी आलोय की!"

"आलात," यशोदा म्हणाली, "पण त्यांनी बघितलं तवा तुमचं काय ताजं नव्हतं. उशी मी परवाच धुतली."

मी घर पालथं घातलं. दाढीचा ब्रश वाळून कडक झाला होता. कंगव्यात फक्त पमीचे केस होते.

तीन ठिपके म्हणजे घराला धनी नाही; संध्याकाळी काका नवा धनी घेऊन आले. अंकुश नाव, पलीकडच्या गावचा, स्वभावाने शांत. त्याला मधल्या खोलीत बसवून काकांनी दारावर वर्तमानपत्र चिकटवलं. नव्याला एकदम आत सोडला तर घर त्याला हाकलून देतं. कागद थोडा थोडा फाडत गेलं की वास एक होतो. दोन पेट्यांतल्या माश्या एकत्र करतानाही असंच करतात.

पमीने लगेच बोटाने भोक पाडलं. आतून त्याने विचारलं, "कितवीत तू?"

"सहावीत."

मी पाचवीत धरून चाललो होतो.

यशोदाने भोक कपाएवढं मोठं केलं आणि चहा आत दिला. मला फार वाईट वाटलं, आणि मी तसं तिला सांगितलंही.

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पर घर बिनधन्याचं किती दिस ठिवायचं?"

"मग मी कुठे जाऊ?" मी काकांना विचारलं.

"तुमची घोंगडी, डबा, विड्यांची थोटकं, समदं पेटीपाशी. तेबी ताजं. माश्यांनी तुमाला आपल्यात धरलंय."

मी पेटीपाशी गेलो. आठव्या दिवशी अंकुश तिथे आला. त्याने पेटीतली फ्रेम उचलून उलटसुलट पाहिली.

"राणी दिसत नाही हो."

"कप्प्यांच्या तळाला बघा," मी म्हणालो आणि चाळीस माश्यांबरोबर उतार उतरू लागलो.

यशोदा दारात होती. ती आम्हा सगळ्यांनाच "या" म्हणाली आणि बाजूला झाली. मधल्या खोलीच्या दाराला कागद उरला नव्हता. दाढीचा ब्रश ओला होता. उशीवर एक आखूड, काळा केस होता. पमीच्या वहीत गणितं कुणीतरी पेन्सिलीने तपासली होती.

मेण माझ्या हातात होतं. मी पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं. मग चौकटीवर एक ठिपका लावला.