प्रिव्हेलंट ओल

एकाचं असतं ते दुखणं, सगळ्यांचं असतं ती परिस्थिती. दुखण्याला औषध असतं. परिस्थितीला समिती असते.

शिंपीण काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांचं छत गळायचं ते नेमकं शिलाई मशीनवर. मशीन गंजलं की चूल थंड, इतकं सरळ. (मशीन सरकवायला जागा नव्हती, दुसऱ्या भिंतीला नवरा टेकलेला असायचा.) एकटीचं कोण ऐकणार, म्हणून काकू कोरा कागद घेऊन वसाहतभर फिरल्या. सगळ्यांचीच छतं गळत होती. एक्केचाळीस सह्या! काकू टेचात दुरुस्ती खात्यात गेल्या.

साहेबांनी सह्या मोजल्या आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"काकू, हे तर प्रिव्हेलंट निघालं!"

"म्हणजे?"

"सगळीकडे पसरलेलं. नऊ घरांपर्यंत गळती, दहाव्यापासून प्रिव्हेलंट. नुसती गळती असती तर उद्याच शिडी धाडली असती."

"मग माझ्यापुरती धाडा की!"

"प्रिव्हेलंटमध्ये माझं-तुझं नसतं, काकू."

शब्द मोठा गुणाचा. तो लावला की छत बिघडलेलं राहत नाही, चारचौघांसारखं होतं. (खात्यातल्या मोडक्या खुर्च्या आणि साहेबांची दुपारची डुलकी याच शब्दावर सुखाने नांदतात.) शेजारच्या वसाहतीतल्या प्रिव्हेलंट ओलीच्या गेल्या सहा वर्षांत चार पाहण्या झाल्या, दुरुस्त्या शून्य. ओल वाढल्याचं मात्र चारही वेळा एकमताने ठरलं.

काकू कागद परत घेऊन तणतणत आल्या आणि आकडा नवाच्या आत आणायला दारोदार सह्या खोडायला निघाल्या.

"माझी खोडू? अन् माझ्या पलंगावर गळतंय ते?" शेजारचा न्हावी म्हणाला.

"तुझं मागाहून. आधी माझं होऊ दे."

"वा गं काकू! मग तुझीच खोड ना!"

घरोघर हेच. दुसऱ्या दिवशी खात्यात एक्केचाळीस वेगवेगळे अर्ज आले. प्रत्येकात एकच मजकूर: फक्त माझंच छत गळतं, बाकीची ठणठणीत कोरडी आहेत. साहेबांनी सगळे शांतपणे वाचले आणि शेरा मारला: खोटं बोलणं प्रिव्हेलंट आहे, सबब कारवाई नाही.

काकूंनी मशीनवर छत्री बांधली. हल्ली त्या छत्रीखालीच शिवतात.

आणि तुम्ही? आत्ता हळूच वर बघितलंत. डाग दिसला. 'असतो सगळ्यांकडे' म्हणालात आणि पुन्हा वाचायला लागलात.

या, साहेब. खुर्ची मोडकी आहे, जपून बसा.