आबांच्या वरचा पलंग

आमच्या फळे व भाजीपाला उत्पादक सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाने इटलीतील पार्मा शहरी यूथ होस्टेलमध्ये मुक्काम करावा, हा निर्णय निव्वळ काटकसरीच्या धोरणातून घेण्यात आला होता. त्याआधीचा अभ्यासदौरा थायलंडला झाला होता. तिथे कोणत्या पिकाचा अभ्यास केला, असे वार्षिक सभेत सभासदांनी विचारले, तेव्हा तीन संचालकांनी तीन पिके सांगितली. मग अध्यक्ष महिपतराव, म्हणजे आमचे आबा, यांनी भर सभेत जाहीर केले की यापुढे पदाधिकारी परदेशात गरिबासारखे राहतील. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यामुळे ते वाक्य इतिवृत्तात आले, आणि इतिवृत्तात आल्यामुळे ते आम्हाला पाळावे लागले.

मी या संस्थेचा सेक्रेटरी. हिशेब कुणीही लिहितो. माझे खरे काम म्हणजे स्टेजवर कोणाची खुर्ची कुठे, हे ठरवणे. इंदापूर ते बारामती या पट्ट्यात माझ्या मांडणीवरून आजवर कोणी रुसून उठलेले नाही. एवढ्यासाठीच मला दौऱ्यात घेतले होते.

या वेळी दौऱ्याचे कारण मात्र खरे होते. गेल्या हंगामात टोमॅटोचा भाव इतका पडला की तोडणीची मजुरी सुटेना. आमच्या लोकांनी डाळजजवळ हायवेवर ट्रॉल्या ओतल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी त्याचा रस काढला. पार्माजवळच्या एका कारखान्याचे मालक हाच रस डब्यात भरून जगभर विकतात. त्यांना आमच्याकडचा टोमॅटो वाळवून हवा होता, तोही लागवडीच्या आधी दर बांधून. भेटीची वेळ सकाळी नऊची होती. दुपारी मालक दुसऱ्या देशात जाणार होते आणि तिथल्या शेतकऱ्यांशीही त्यांचे बोलणे चाललेले होते.

हे सगळे पाठ असलेली एकच व्यक्ती मंडळात होती. राखीव जागेवरच्या संचालिका बनाबाई. डाळजला ओतलेल्या ट्रॉल्यांपैकी एक त्यांची होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने ओतली होती. एरवी सभेला त्यांच्या जागी त्यांचा मुलगा ऋषिराज बसतो. पासपोर्टला ही पद्धत चालत नसल्याने त्या स्वतः आल्या.

होस्टेलच्या काउंटरवर जुलिया नावाची मुलगी होती. 'यूथ' हा शब्द पाटीवर पाहून उपाध्यक्ष जोतीराम तात्यांना शंका आली. "आबा, ह्यांनी वय इचारलं तर?"

"इचारू दे," आबा म्हणाले. "पंचावन्नाव्या वर्षापतूर मी तालुक्याचा युवक अध्यक्ष व्हतो. पोरगं युवा नेता झालं म्हनून खुर्ची सोडली, न्हायतर अजून असतो."

आबांचा पुतण्या सुयोग दौऱ्याचा दुभाषा आणि प्रसिद्धिप्रमुख होता. त्याने हे जुलियाला समजावून सांगितले. ती म्हणाली, इथे वयाची अट नाही. बनाबाईंना तिने महिलांच्या खोलीत पाठवले आणि आम्हा सात पुरुषांना आठ पलंगांची एक खोली दिली. आठवा पलंग दुसऱ्या कोणा प्रवाशाचा होता.

खोलीचे दार उघडले आणि मी उंबऱ्यातच थांबलो. पलंग दुमजली होते. चार खाली, चार त्यांच्यावर, मध्ये लोखंडी शिडी. स्टेजवर सगळ्या खुर्च्या निदान एका पातळीत असतात. मधली कोणाची, एवढेच ठरवायचे असते. पदाधिकारी एकमेकांच्या डोक्यावर मांडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आबांचे दोन्ही गुडघे गेलेले. बारामतीच्या डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलेले. तेव्हा आबा खाली, हे उघडच होते. पण मग आबांच्या वर कोण?

तात्या छताकडे बघू लागले. बाकीचे तीन संचालक आपापल्या बॅगांच्या चेन उघडझाप करू लागले.

"मी झोपलो असतो," शेवटी तात्या म्हणाले, "पन माझं लोळनं लई वंगाळ. पाय खाली लोंबला तर गावात जन्मभर ऐकावं लागंल."

मी तोडगा काढला. आपल्याकडे कार्यक्रमात पहिल्या रांगेतला सोफा पाहुण्यांसाठी रिकामा ठेवतात. त्याच धर्तीवर आबांच्या वरचा पलंग मानाने रिकामा ठेवावा. सगळ्यांना पटले. सुयोगने त्या पलंगावर आबांची शाल पसरली आणि आबा खाली टेकले.

इतक्यात आठवा प्रवासी आला. पोलंडचा विद्यार्थी, तोमाश नावाचा, पाठीवर स्वतःएवढी बॅग. सगळ्यांना हसून हॅलो म्हणाला, पलंगाचा नंबर बघितला, शाल घडी करून आबांच्या हातात दिली आणि दोन ढांगांत आबांच्या वर जाऊन बसला.

आता निर्णय देणे माझे कर्तव्य होते. मी म्हणालो, सदर इसम संस्थेचा सभासद नाही, त्याचा ऊस नाही, टोमॅटो नाही, मतदान नाही. त्यामुळे त्याच्या उंचीचा अध्यक्षपदावर काहीही परिणाम होत नाही. आबांनी मान डोलावली. प्रकरण मिटले असते. पण सुयोगने तोवर 'अध्यक्षांची साधी राहणी' म्हणून फोटो संस्थेच्या ग्रुपवर टाकला होता. फोटोत आबा हात जोडून बसलेले, आणि बरोबर त्यांच्या टोपीवर लोंबणारे दोन उघडे तळपाय.

गावाकडे तेव्हा जेवणे उरकून लोक मोबाइल घेऊन बसले होते. विरोधी पॅनेलने लगेच लिहिले, 'शेतकऱ्यांच्या नेत्याच्या डोक्यावर परक्याचे पाय. हा अपमान कोणाचा?' खाली अपमान झालेल्यांची रीघ लागली. दोन महिन्यांवर संस्थेची निवडणूक आलेली.

आबा उठून उभे राहिले. "मी वर जातो," ते म्हणाले.

"आबा, गुडघं..." तात्या म्हणाले.

"गुडघं माझं हायत. पद संस्थेचं हाय."

आबांना वर चढवण्याचे काम सोपे नव्हते. तिघे खालून ढकलत होते आणि तोमाश वरून ओढत होता. म्हाताऱ्या माणसाला वरून शहर बघायचे असेल, असा त्याचा समज झाला होता, आणि तो आनंदाने खालच्या पलंगावर गेला. आबा एकदाचे वर पोचले. सुयोगने नवा फोटो टाकला. गावाकडून जयघोष आला.

दम खाऊन आबांनी खोलीवर नजर फिरवली. बाकीच्या तीन वरच्या पलंगांवर तात्या आणि दोन संचालक होते. आबांच्या अगदी समोर, अगदी त्याच उंचीवर.

"जोतीराम," आबा शांतपणे म्हणाले, "तू बी हितंच का?"

तात्या शिडी न वापरता खाली आले. त्यांच्यामागून दोघे संचालकही आले. आता वर एकटे आबा आणि खाली चार पलंग. त्यांवर तोमाश, तात्या आणि दोन संचालक मावले. उरलेला संचालक, सुयोग आणि मी यांनी जमिनीवर गाद्या टाकल्या. त्याबरोबर जुलिया धावत आली. जमिनीवर झोपायला मनाई आहे, आग लागली तर वाट मोकळी हवी, असे तिने सांगितले.

"तिला म्हनावं, काळजी करू नगं," तात्या सुयोगला म्हणाले. "आग लागली तरी आदी आबा उतरतील. त्यांच्या फुडं कोन पळंल?"

हे ऐकून ती आणखीच घाबरली. वर तीन पलंग रिकामे असताना तीन माणसे जमिनीवर का, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. आम्ही तिघे खालच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसून झोपलो.

सकाळी खोलीत गेलो तेव्हा आबा जागे होते आणि उतरत नव्हते. गुडघे धरले होते. पाय सरळ होईना, शिडीपर्यंत जाईना.

बनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवे लुगडे, वर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वाळवलेल्या टोमॅटोचा स्टीलचा डबा. चेहऱ्यावर चांगल्या झोपेचे तेज.

"मी वरच्याच पलंगावर झोपले," त्या म्हणाल्या. "खाली एक जर्मन हेडमास्तरीण व्हती. तिला काय बी झालं न्हाय. चला की, गाडी धरायची येळ झाली."

आम्ही आबांकडे बोट दाखवले.

"मग तात्या, तुमी चला. उपाध्यक्ष हायसा."

तात्यांचा चेहरा उतरला. "आबा वर अडाकल्यात आन् मी सही करू? उद्या लोक म्हनतील, जोतीरामानंच ठरवून चढवलं."

"मग मी जाते."

"त्याला ठराव लागंल, बाई," वरून आबा म्हणाले.

तेव्हा तिथेच तातडीची सभा घेण्यात आली. अध्यक्षस्थानी आबा होते, वर. गणसंख्या पूर्ण होती. 'बनाबाईंना करारावर सहीचा अधिकार द्यावा,' असा ठराव बनाबाईंनीच मांडला. मी अनुमोदक कोण म्हणून विचारले. संचालकांनी पुन्हा बॅगांच्या चेन धरल्या. बाई माझ्याकडे बघू लागल्या. सेक्रेटरीला अनुमोदनाचा अधिकार नसतो, हे मी त्यांना नियमासह सांगितले.

मग आबांनी जे केले ते मला आजही विसरता येत नाही. त्यांनी वरून बाईंकडे बराच वेळ पाहिले. डब्याकडे पाहिले. थकलेल्या आवाजात म्हणाले, "द्या रं तिला अधिकार. जाऊ द्या."

आम्ही सगळ्यांनी ते स्पष्ट ऐकले. पण आबा हे मनापासून म्हणतात की आपली परीक्षा घेतात, ते कोणालाच कळेना. इतक्या वर्षांत ते कळायची कधी गरजच पडली नव्हती. तेव्हा चारही संचालक एका सुरात म्हणाले, "न्हाय आबा! तुमच्याबिगर न्हाय!"

आबांनी डोळे मिटले. ठराव अनुमोदनाअभावी बारगळला.

बनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते रागाचे होते. "डाळजच्या रस्त्यावर माझ्याबरूबर सातआठ बाया रडत व्हत्या," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगू? पलंग उंच व्हता म्हनून?" मग त्यांनी तोमाशला कारखान्याच्या नावाचा कागद दाखवला. तो पोरगा बूट घालून त्यांच्याबरोबर निघाला.

दहा वाजता होस्टेलच्या नियमाप्रमाणे साफसफाईसाठी खोली रिकामी करायची होती. जुलियाने आबांना उतरण्याची विनंती केली. ते उतरू शकत नव्हते, आणि आम्ही त्यांना सोडून जाऊ शकत नव्हतो. शेवटी तिने फायर ब्रिगेडला फोन लावला. हेल्मेट घातलेले चार धिप्पाड जवान आले. त्यांनी आबांना अलगद उचलले, खांद्यावर घेतले आणि जिना उतरून रस्त्यावर आणले. माणसे जमली. खांद्यावर बसल्यावर आबांचे हात सवयीने जोडले गेले. समोरच्या बाल्कनीतून एका आजीबाईंनी हात हलवला. सुयोगने सगळे चित्रित केले.

बनाबाई दुपारी परतल्या. "मालक भला मानूस हाय," त्या म्हणाल्या. "कॉफी दिली. डबा उघडून चव बघितली, आवडली त्याला. म्हनला, सही कोन करनार? मी म्हनलं, सही करनारा पलंगावर हाय. थांबला बिचारा. लई येळ थांबला. मग त्याच्या इमानाची येळ झाली."

आम्ही गावी पोचलो तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता. 'इटलीच्या जनतेने आबांना खांद्यावर घेतले! गणवेशधारी जवानांकडून शासकीय मानवंदना!' दोन जेसीबींच्या तोंडातून फुले उधळली गेली. संस्थेच्या आवारात मंडप घातला होता. स्टेजची मांडणी अर्थातच माझी. मध्ये आबा, उजवीकडे तात्या, कडेच्या खुर्चीवर बनाबाईंच्या जागी प्रथेप्रमाणे ऋषिराज. समोर पहिल्या रांगेत पांढऱ्या कव्हरचा सोफा, येतील-न-येतील अशा पाहुण्यांसाठी रिकामा. मागे खुर्च्या कमी पडल्याने निम्मी माणसे उभी होती. त्यातच बनाबाई होत्या.

आबांचा सत्कार झाला. आबा दौऱ्यातल्या आपुलकीविषयी बोलले. टाळ्या थांबल्यावर मागून डाळजच्या साखरबाई ओरडल्या, "आन् टोमॅटूचं काय झालं?"

बनाबाईंनी सांगायला तोंड उघडले, पण माइकवर पुढच्या सत्काराचे नाव पुकारले गेले. पुढच्या हंगामात डाळजजवळ हायवे पुन्हा लाल झाला. आबांचे पॅनेल मात्र त्याआधीच बिनविरोध निवडून आले होते; त्या फ्लेक्सपुढे विरोधी पॅनेलने अर्जच भरला नव्हता.

वाचकहो, इथवर तुम्ही हसत आला असाल. आबांना, तात्यांना आणि मलाही हसला असाल, आणि ते रास्तच आहे. फक्त एक सांगायचे राहिले. त्या सत्काराच्या सभेत उत्तर मिळेना म्हणून, आणि पाय दुखत होते म्हणून, साखरबाई गर्दीतून पुढे आल्या आणि सरळ त्या रिकाम्या सोफ्यावर बसायला वाकल्या. तेव्हा कोणीतरी त्यांचा दंड धरून अगदी अदबीने म्हणाले, "मावशी, तिथं नाही, मागं या."

स्टेजवरून कोणी बोलले नव्हते. आवाज समोर बसून हसणाऱ्या तुमच्या रांगेतून आला होता.