इलेक्त्राबाईंचा रिकामा रकाना

पेट्रोव्रिसीच्या पालिकेत संगणकाचं सगळं काम अनेस्तीसकडे होतं, आणि शुक्रवारी दुपारी त्याने एक पुण्यकर्म करायचं ठरवलं. घोटाळ्याला सुरुवात झाली ती तिथून.

निमित्त इलेक्त्राबाईंचं. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. आमच्याकडे ग्रीसमध्ये वाढदिवसाचं कौतुक नाही. ज्या संताचं नाव ठेवलंय त्याचा दिवस तो आपला नामदिन. त्या दिवशी लोक न बोलावता घरी येतात, ‘खूप वर्षं जगा’ म्हणतात आणि गोड खाऊन जातात. इलेक्त्रा नावाचा संतच नाही. अशा नावांसाठी सर्व संतांचा रविवार असतो, पण तो लक्षात ठेवतो कोण? बाई सत्तर वर्षं दुसऱ्यांकडे जात आल्या, त्यांच्याकडे कधी कुणी फिरकलं नाही. अनेस्तीसला त्यांनी दोनदा नापास केलं होतं आणि मग घरी बोलावून, एक पैसा न घेता, पास होईपर्यंत शिकवलं होतं. ते तो विसरला नव्हता.

नागरिकांच्या नोंदीत ‘नामदिन’ हा रकाना ऐच्छिक होता. अनेस्तीसने संगणकाकडे मागणी केली, ज्यांचा नामदिन नाही ते सगळे शोध आणि त्यांना संदेश धाड: ‘रविवारी आपला नामदिन. संध्याकाळी गावकरी शुभेच्छा द्यायला घरी येतील.’ बाई आणि आणखी पाच-सात जण निघतील, कचेरीतल्या चौघांना घेऊन सगळ्यांकडे जाऊन येऊ, असा त्याचा हिशेब होता.

संदेश गेले अकराशे चाळीस. जुन्या वह्यांवरून उतरवलेल्या नोंदींत तो रकानाच नव्हता, आणि संगणकाच्या लेखी रिकामा रकाना काय, नसलेला रकाना काय, दोन्ही सारखेच.

नगराध्यक्ष फानिस फोन हातात धरूनच आले. “माझा नामदिन जानेवारीत असतो. तू दरवर्षी येऊन खाऊन जातोस.”

“चुकलं, साहेब. दुरुस्तीचा संदेश पाठवतो.”

“पाठव. बायकोने बकलाव्याच्या साठ गोड वड्यांचं ताट भट्टीत घातलंय, तिलाही तूच सांग.”

दुरुस्ती गेली, पण उपयोग शून्य. चूक तर चूक, पण रविवारी खरंच कुणी दारात उभं राहिलं आणि घरात गोड नसलं तर? एवढी जोखीम आमच्या गावातली एकही बाई घेणार नाही. रविवारी सहा वाजता घरोघरी दारं उघडी, ताटं भरलेली, पुरुष इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेले. कचेरीतले चौघेही आपापल्या घरी तसेच बसले होते. सगळं गाव पाहुण्यांची वाट बघत होतं आणि पाहुणा व्हायला कुणी उरलंच नव्हतं.

अनेस्तीस एकटाच फुलं घेऊन बाईंकडे गेला. दाराला कुलूप. त्याने पायरीवर बसून फोनवर यादी उघडली. यादीत बाईंचं नावच नव्हतं. मग त्यांची नोंद काढली. कुणा कर्तव्यदक्ष कारकुनाने त्यांचा रकाना रिकामा सोडलाच नव्हता, त्यात नीट अक्षरांत लिहिलं होतं: ‘नाही’. झालं, संगणकाच्या दृष्टीने रकाना भरलेला. जिच्यासाठी सगळा खटाटोप केला तिलाच वगळून त्याने गाव कामाला लावलं होतं. त्याला रडायला आलं.

इतक्यात गल्लीतून गलका ऐकू आला. पुढे बाई, हातात तुळशीची कुंडी. मागे फानिस, त्यांची बायको, आणि निम्मं गाव, प्रत्येकाच्या हातात ताट.

झालं होतं ते असं. शेजारच्या घरी नामदिन आहे असं कळल्यावर बाई नेहमीसारख्या निघाल्या. दिवसभरात तिथे आलेल्या त्या पहिल्याच. त्या घरच्यांना इतकं भरून आलं की ताट उचलून तेही बाईंबरोबर पुढच्या घरी गेले. तिथूनही माणसं निघाली. फानिसकडे पोचेपर्यंत वरात झाली होती, आणि बाईंना घरी पोचवल्याशिवाय परतायला कुणी तयार नव्हतं.

“माझ्याकडे द्यायला काही नाही रे,” कुलूप काढताना बाई म्हणाल्या. “मला कुणी कळवलंच नव्हतं.”

“आमच्याकडचं उरलंय, बाई,” फानिसची बायको म्हणाली आणि आत शिरली. तिच्यामागून सगळेच शिरले.

अनेस्तीसने दारातच मान खाली घालून बाईंना सगळं सांगून टाकलं. संदेश खरा तुमच्यासाठी होता, तुम्हाला सोडून सगळ्यांना गेला. बाईंनी ऐकून घेतलं, मग माणसांनी भरलेल्या खोलीकडे पाहिलं.

“उत्तर बरोबर आलंय,” त्या म्हणाल्या. “रीत साफ चुकली. अर्धे गुण.”

मग त्याच्या हातातली फुलं घेतली आणि डोळे पुसत म्हणाल्या, “ये आत. आज पूर्ण देते.”