फ्लेक्सवरचा संघ

कोणताही संघ आधी चौकात उभा राहतो, मग मैदानात. क्रीडाशास्त्राचा हा पायाच आहे. आकुर्डीचा नवा व्यावसायिक बास्केटबॉल संघ याच पायावर उभा राहिला. मालक प्रभाकरराव म्हणजे चाकणच्या कंपन्यांना कँटीनचं जेवण पुरवणारे ठेकेदार. प्रशिक्षक नेमण्याआधीच त्यांनी दापोडीपासून रावेतपर्यंत फ्लेक्स लावले. त्यावर बारा हसरे चेहरे होते, म्हणजे निवड झालीच होती.

निकष अत्यंत पारदर्शक होते. आठ पुतणे-भाचे, साहेबांचे तीन खास आणि एक केयूर. (केयूरचा फोटो कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून चुकून आला होता, पण गॉगल शोभत होता, म्हणून करार केला.) सरासरी उंची पाच फूट पाच. फोटोत मात्र सगळे सारखेच उंच.

प्रशिक्षक नीलिमाताईंना त्यात एकच माणूस हवा होता : गणराज. लातूरकडचा, चाकणला फोर्कलिफ्ट चालवणारा, ज्वारीच्या ताटासारखा सरळसोट. त्याच्या हातून सुटलेला चेंडू सांजवेळच्या पाखरासारखा नेमका आपल्या घरट्यात शिरायचा. ताईंच्या शब्दावर त्यानं कंपनी सोडली होती.

"मॅडम, गावाकडं सांगून बी टाकलंय," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. तरी ती सगळ्यांच्या वरच राहिली.

प्रभाकरराव हळहळले. "पोरगं सोनं आहे हो, मॅडम. पण फ्लेक्सवर कुठंय?"

शेवटी असं ठरलं, की एखाद्यानं आपणहून जागा सोडली तर गणराज आत. तोवर त्याची तात्पुरती सोय म्हणून त्याला शिडीशिवाय फ्लेक्स बांधायचं काम मिळालं.

नीलिमाताईंनी बाराही घरी फोन लावले. संघात गुणवत्ताच हवी, यावर सगळ्यांचं एकमत निघालं. (पाठिंबा शंभर टक्के. सोडलेल्या जागा : शून्य.)

"खेळता येणाराच हवा, ताई, तुमचं अगदी बरोबर," केयूरची मावशी शालनबाई कळवळून म्हणाली. "त्या शार्दूलला काढा ना. आमच्यानं नवे बूट घेतलेत."

शार्दूलच्या घरचे केयूरबद्दल असंच कळवळून बोलले.

इथवर वाचलेल्या सुजाण वाचकालाही गणराजच संघात यावा, असं मनापासून वाटत असणार. आम्ही आभारी आहोत. याच पाठिंब्याच्या जोरावर नीलिमाताईंनी आज तुमच्या भाच्याचं नाव कमी केलं आहे.

कृपया प्रभाकररावांना पुन्हा फोन करू नये. तुमचा मघाशीच येऊन गेला.