एकवीस इंची सुनिता

सुनिताच्या पायाचं माप घेण्याआधी तिच्या नवऱ्याने, प्रफुलने, तिला त्याचे सेफ्टी शूज घालायला लावले.

"कावून?" तिने विचारलं.

"चपला रोज बदलतात. शूज स्टँडर्ड असतात."

स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये अठरा वर्षं रेल, म्हणजे रेल्वेचे रूळ, मोजणारा माणूस तो. मापाच्या बाबतीत त्याला शिकवायची भिलाईत कोणाची छाती नव्हती, असं निदान त्याचं मत होतं.

सोमवारपासून सुनिता शिलाई केंद्रात शिकवायला जाणार होती. नऊ म्हणजे नऊला हजर. स्कूटर प्रफुलची, आणि "तुले नाही झेपणार" म्हणून तिला कधी हात लावू दिला नव्हता. त्याच्या शिफ्टच्या भरवशावर राहिली असती तर पहिल्याच दिवशी उशीर! म्हणून सायकल.

पायाच्या त्या मापावरून मोबाइलवरच्या हिशोबाने फ्रेम आली एकोणीस इंच. प्रफुलने त्यात दोन मिळवले.

"हे दोन कायचे?"

"गरम रेल थंड झाली की आकसते. म्हणून आमी कापतानाच जास्त धरतो."

"अवो, मी काय भट्टीतून निघाली? मी तर ब्लाउजचीबी ट्रायल घेते."

"आमी रेलवर गाडी चढवून ट्रायल घेतो का?"

दुकानदारानेही सांगून पाहिलं, "भैया, भाभीजी को सत्रह-अठारह बहुत है. एक बार बैठा के देख लो." प्रफुल नुसता हसला आणि एकवीसची सायकल घेऊन मरोदा सेक्टरमधल्या आपल्या क्वार्टरवर आला. प्लांटमध्ये प्रत्येक रेलवर नंबर ठोकतात, तसं त्याने छिन्नी-हातोडा घेऊन फ्रेमवर ठळक अक्षरांत नाव ठोकलं : सुनिता. आता चोराची काय बिशाद!

रविवारी सुनिता पायरीवरून सायकलवर चढली. सीट पार खाली केली तरी पाय जमिनीला लागेनात. सायकल मात्र निघाली.

"उतरू कशी?" पहिल्या चकरेत ती ओरडली.

"माप बरोबर आहे! तू शूज नाही घातले!"

ब्लॉकभोवती तिसरी चक्कर झाली तेव्हा तिने शेजारच्या गिरजाबाईंच्या पेरूची फांदी धरली. ती फांदीला लटकली आणि सायकल एकटीच जाऊन मेथीच्या वाफ्यात झोपली.

"बाप्पा! पोरी, सायकल शिकून राहिली का पेरू तोडून राहिली?" गिरजाबाईंनी विचारलं.

प्रफुल तडक दुकानात गेला. दुकानदाराने फ्रेमवरून बोट फिरवलं. "नाम ठोक दिया भैया. अब वापस नहीं होगी."

घरी येऊन त्याने सहज सायकलवर टांग टाकली. पाय नीट टेकले, गुडघे मोकळे, हात सरळ. अगदी बेतून घेतल्यासारखी! सुनिताने टेलरच्या नजरेने त्याला वरून खाली पाहिलं आणि खुंटीवरची किल्ली काढली.

"तुले स्कूटर येते?" तो दचकलाच.

"माहेरी मोहन नगरात दोन वर्षं चालवली. तुमी कधी इचारलं?"

सोमवारी पावणेनऊला सुनिता स्कूटरवरून केंद्रात पोचली. त्याच सुमारास प्लांटच्या गेटवर गार्डने वाकून प्रफुलच्या सायकलची फ्रेम वाचली.

"वाह, सुनिता भैया! साइकिल तो एकदम नाप की है!"

प्रफुलने मान ताठ केली.

"माप मीच घेतलं," तो म्हणाला.