मार्फत

मनुष्य हा बोलका प्राणी आहे, आणि म्हणूनच त्याला घरात एखादा न बोलणारा प्राणी लागतो. पाळीव प्राणी प्रेमापोटी पाळतात असा एक गैरसमज समाजात रूढ आहे. तो पसरवण्यात दुकानदारांचा आणि लहान मुलांचा हात आहे. वस्तुस्थिती अशी की, घरातली माणसं एकमेकांशी थेट बोलू लागली तर काय अनर्थ होईल याचा अंदाज आलेली सुज्ञ कुटुंबं ही सोय वेळीच करून ठेवतात. पुरावा म्हणून पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कांचं उदाहरण पुरेसं व्हावं.

हेडक्लार्क आस्थापना शाखेत होते. (या शाखेचा पाण्याशी संबंध नाही, पाणी सोडणाऱ्या माणसांच्या रजा ती सांभाळते.) या कार्यालयात कोणी कोणाला थेट काही सांगत नसे. शेजारच्या टेबलावरची टाचणी हवी असली तरी ती अधीक्षकांमार्फत मागवण्यात येई, आणि अधीक्षक रजेवर असले तर टाचणीवाचून भागवण्यात येई. एकदा कोपऱ्यातल्या कपाटातून धूर येऊ लागला. तो सगळ्यांना दिसत होता, पण योग्य मार्गाने कळेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. आगीलाही कार्यालयाचं वळण लागलं असावं, कारण ती फार सावकाश पसरली.

अशा शिस्तीत मुरलेल्या माणसाने घरी येऊन बायकोशी धडाधड बोलत सुटावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बायको शाळेत चित्रकला शिकवत. लग्नानंतर सुरुवातीला दोघं बोलत असत, असं जुने शेजारी सांगतात. पुढे चिरंजीव बोलायला लागले आणि ती गरज उरली नाही.

"आईला सांग, चहा हवाय."

"बाबांना सांग, नाकासमोर ठेवलाय."

भांडण वगैरे काही नव्हतं, हे मुद्दाम नमूद केलं पाहिजे. भांडायला तरी समोरासमोर यावं लागतं. दोघांचा एकमेकांवर जीव होता. तो कळवायचा कोणी, एवढाच प्रश्न होता, आणि चिरंजीवांनी ते काम कळत्या वयापासून चोख केलं. मग त्यांना परगावी नोकरी लागली. निघताना उंबऱ्यात उभं राहून ते म्हणाले, "आता बोला की जरा एकमेकांशी! मी काय जन्मभर निरोप्या राहू?" आईबाबांनी हा तरुण वयातला उतावळेपणा समजून मनावर घेतला नाही.

पद रिक्त झालं. पहिल्याच रात्री भाजी अळणी निघाली. हेडक्लार्कांनी जेवता जेवता चिरंजीवांना फोन लावला आणि आईला मीठ कुठे आहे ते विचारायला सांगितलं. चिरंजीवांनी आईला फोन लावला. आई टेबलाच्या पलीकडेच बसल्या होत्या. त्यांनी फोन घेतला, उत्तर दिलं, आणि ते उत्तर फिरून हेडक्लार्कांपर्यंत येईस्तोवर जेवण उरकलं होतं. असं काही दिवस चाललं. शेवटी चिरंजीवांच्या वरिष्ठांनी त्यांना समज दिली, आणि चिरंजीवांनी प्राण्यांच्या दुकानात रदबदली करून आपल्या जागी एक ससा पाठवला.

निवड विचारपूर्वक झाली होती. पोपट ऐकलेलं जशाच्या तशा सुरात सांगतो, त्यामुळे संसाराला धोका संभवतो. मांजर चार घरं फिरतं. गोपनीयता राहत नाही. मासा ऐकतोय की नुसता तोंड उघडतोय, हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही. (हा दोष वरिष्ठ अधिकाऱ्यांत चालतो, माशात चालत नाही.) सशाचे कान लांब, तोंड सदा हलतं आणि त्यातून शब्द मात्र निघत नाही. इतकी पात्रता एकाच उमेदवारात सहसा सापडत नाही. त्याला सेक्रेटरी म्हणू लागले.

सेक्रेटरींनी काम झटपट उचललं. पिंजरा बैठकीच्या खोलीत, दोन खुर्च्यांच्या बरोबर मध्ये ठेवण्यात आला. "सेक्रेटरी, ह्यांना सांग, गॅस संपलाय." सेक्रेटरी कोबीचं पान चावत. चावून झालं की निरोप पोचला असं समजण्यात येई आणि हेडक्लार्क वर्तमानपत्र खाली ठेवत. त्याआधी त्यांनी ऐकलं असलं तरी ऐकलेलं नसे.

हा हा म्हणता ही पद्धत बिल्डिंगभर पसरली. तळमजल्यावरच्या सासूसुनांनी गिनीपिग आणला. दुसऱ्या मजल्यावर वाटणीवरून अबोला धरलेल्या दोन भावांनी कासव आणलं, कारण त्यांना उत्तराची घाई नव्हती. दुकानदार आता गिऱ्हाइकाला आधी विचारून घेई, "घरात बोलणं बंद आहे, की मुळात नव्हतंच?" बिल्डिंगच्या पाहणीत दहापैकी नऊ कुटुंबांनी आपण समाधानी असल्याचं आपापल्या प्राण्याला सांगितलं. दहाव्या घरातलं जोडपं एकमेकांशी थेट बोलत असल्याने तिथे पाहणी करण्याजोगी शांतता मिळाली नाही.

सगळं सुरळीत चाललं असताना एके संध्याकाळी बायको शाळेतून आल्या, पर्सही न ठेवता पिंजऱ्यापुढे बसल्या.

"सेक्रेटरी, ह्यांना सांग, मला मुख्याध्यापिका केलंय. पण दुसऱ्या गावी. तिथेच राहावं लागेल." मग बराच वेळ त्या पिंजऱ्याच्या तारेवरून बोट फिरवत राहिल्या. "आणि सांग, मी अजून हो म्हटलेलं नाही. ह्यांची काही हरकत असेल तर कळवा म्हणावं."

ती नसली की हे घर खायला उठेल, हे हेडक्लार्कांना लख्ख दिसलं. जाऊ नको म्हणावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण कोबीचं पान संपेपर्यंत थांबणं भाग होतं, आणि तेवढ्या वेळात ते भानावर आले. आपण कोण तिला अडवणार? इतकी वर्षं पोरांना रंग कालवायला शिकवलं, आता कुठे तिची खुर्ची आली. सबंध नोकरीत हेडक्लार्कांनी कोणावर माया केली असेल तर ती एकाच प्रकारे: मनातून नको असलेल्या गोष्टीलाही परवानगी देऊन. त्यांच्या हातात देण्यासारखं याहून मोठं काही कधी नव्हतंच. तेव्हा त्यांनी घसा खाकरला, आवाज जमेल तेवढा मऊ केला, आणि आयुष्यातलं सगळं प्रेम एका वाक्यात ओतलं.

"सेक्रेटरी, तिला सांग, माझी काही हरकत नाही."

बायकोने ऐकलं. (पान अजून शिल्लक होतं. नियमभंग झाला, पण कोणी दाखवून दिला नाही.) "एवढंच म्हणाले?" त्यांनी सशाला विचारलं. ससा चावत राहिला, आणि त्या आत जाऊन बॅग काढू लागल्या.

ती बॅग भरली जात असताना आपलं काहीतरी चुकलं, हे हेडक्लार्कांना हळूहळू उमगलं. त्यांनी मनातल्या मनात सुधारित निरोप तयार केला. जाऊ नको, किंवा जा, पण मी येतो, निवृत्तीला थोडीच वर्षं आहेत, रजा शिल्लक आहे, तिथे जेवण मी करीन. निघण्याच्या दिवशी सकाळी तो द्यायचा, असं ठरलं. सशांचे दात वाढत राहतात आणि मधून मधून कापून घ्यावे लागतात, याची त्यांना कल्पना नव्हती. त्या सकाळी सेक्रेटरी जनावरांच्या दवाखान्यात होते.

टॅक्सी खाली उभी होती. बायको दारात चपलेचा पट्टा लावत होत्या. लावून झाला तो त्यांनी सोडला आणि पुन्हा लावला. हेडक्लार्क रिकाम्या पिंजऱ्याशेजारी उभे होते. दोघांच्या मध्ये कोणीही नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"छत्री घेतलीस का?"

बायकोने चमकून वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "घेतली," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबल्या. हेडक्लार्कही, हे आपण काय करून बसलो या धसक्याने, थांबले. खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

संध्याकाळी ससा परत आला तेव्हा हेडक्लार्कांनी दिवाही न लावता त्याच्यापुढे बसून सगळं सांगितलं. घर कसं झालंय ते सांगितलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं सांगितलं, आणि मग ते चक्क हुंदके देऊन रडले. इतका संपूर्ण, मुद्देसूद आणि मनापासूनचा निरोप त्या घरात कधी देण्यात आला नव्हता. ससा चावत होता. कोबी ताजा होता.

तुम्हाला हसू आलं असेल. अहो, एक वाक्य तर बोलायचं होतं! तुमच्या घरी असलं काही नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हे वाचता वाचता एक माणूस तुमच्या डोळ्यांपुढे आलंच असेल; बहुधा ते आत्ता शेजारच्याच खोलीत आहे. त्याला तुम्ही हाक मारणार नाही. ही गोष्ट मात्र त्याला वाचायला नक्की द्याल.